डी ड्राइव्हमधले धवले

काल्हेरच्या गोदामात डिस्पॅचला बसणाऱ्या ताई मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "सर, तुमी येता, कायतरी करता आनि जाता. मंग आमी दोन दिवस शोधत बसतो." मला राग आला होता. खरं बोललेलं मला झोंबतं. हा माझा जुना दोष आहे आणि त्यावर घरी पुष्कळ बोलणी खाऊन झाली आहेत.

माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. आमची कंपनी दुसऱ्यांचा माल गोदामात ठेवते आणि ते सांगतील तिथे पाठवते. चार गोदामं काल्हेरला, एक कशेळीला, आणि ऑफिस टेमघरला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गोदामांमधले संगणक जुने आणि धुळीने बेजार झालेले. त्यांच्यावर काही चालवायचं म्हणजे त्यांचा छळ. म्हणून सगळं काम टेमघरच्या एका सर्व्हरवर चालतं. काल्हेरच्या माणसाने सकाळी आपला संगणक लावायचा, 'रिमोट'वर क्लिक करायचं, पासवर्ड टाकायचा, की त्याच्या पडद्यावर टेमघरचा सर्व्हर उघडतो. माणूस बसलेला काल्हेरला, काम टेमघरात. कशेळीच्या पुलावर ट्रक तास तास अडकतात, आपण मात्र एका क्लिकमध्ये पोचतो, असं मी नव्या लोकांना शिकवताना सांगतो. अजून कोणी हसलेलं नाही.

या व्यवस्थेत एक गोम आहे. काल्हेरच्या संगणकाला सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. टेमघरच्या सर्व्हरलाही सी आणि डी. माणूस रिमोटने आत गेला की त्याला दिसतो तो सर्व्हरचा डी, पण समोर टेबल त्याचं, कीबोर्ड त्याचा, चहाचा ओघळ त्याचा, मग डी दुसऱ्याचा असेल असं त्याच्या मनात येणार कसं? लोक बिनधास्त आपल्या चीजवस्तू सर्व्हरवर ठेवायचे. मुलांचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, गावच्या क्रिकेट टीमची यादी. आणि संध्याकाळी रिमोट बंद करून स्वतःच्या डीमध्ये तेच शोधायचे आणि मला फोन करायचे, "साहब, फाइल किधर गया?" एकाने तर 'माझा संगणक हळू चालतो' म्हणून जागा मोकळी करता करता सर्व्हरवरचा कशेळीचा सगळा रेकॉर्ड साफ केला होता. तो परत आणताना माझे दोन दिवस गेले.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. सर्व्हरच्या ड्राइव्हांची अक्षरंच बदलायची. सी लपवून टाकायचा आणि डीला शेवटाकडचं एखादं अक्षर द्यायचं, टी म्हणा, म्हणजे कोणालाच तो आपला वाटणार नाही. प्रत्येक खात्याच्या फोल्डरलाही आपापलं अक्षर. मी याला 'अक्षरांची फेरवाटणी' असं भारदस्त नाव दिलं, तक्ता छापला आणि पाचही गोदामांत भिंतीवर चिकटवला. त्यात तारीख, वेळ, कुठलं अक्षर कुठे गेलं, सगळं होतं. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं: सर्व्हरवर खासगी फाइली ठेवू नयेत.

ठरल्या रविवारी सकाळी मी एकटा ऑफिसात गेलो. मला ते फार आवडतं, सांगायला लाज कसली. फोन नाही, कोणी मागे उभं राहून "झालं का सर?" म्हणत नाही. शेजारच्या कारखान्यात लूम चालू होते, त्यांचा ठेका भिंतीतून येत होता. आधी सर्व्हरच्या पंख्यांतले तंतू फुंकून काढले. टेमघरात हवेतच कापूस असतो, सर्व्हरलाही तो चुकत नाही. मग डी उघडला.

डी गच्च भरला होता. मी स्वतःशी शिव्या देत एकेक फोल्डर बघायला लागलो. कामाच्या फाइली बाजूला काढल्या. अनोळखी कागदपत्रं होती ती 'अडगळ' नावाचं एक फोल्डर करून त्यात ढकलली, कारण कोणाचा दाखला बिखला असेल तर मागाहून बोंब नको. आणि गाणी, व्हिडिओ, जे जे ऐकायचं किंवा बघायचं होतं, ते सगळं एका आज्ञेत कायमचं पुसून टाकलं. सर्व्हरवर कचऱ्याच्या डब्यातून उचलून परत ठेवणं वगैरे नसतं. पुसलं की पुसलं.

त्यात 'इतर' नावाचं एक फोल्डर काल्हेरच्या डिस्पॅचचं होतं. त्यात साठेक आवाजी फाइली. नावं नव्हती, मोबाइल आपोआप देतो तसे नुसते आकडे. ते बघून मला ताई आठवल्या. मी काल्हेरला गेलो होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून त्या टाइप करत बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर त्यांनी पटकन खिडकी बंद केली होती. म्हटलं, अच्छा, ही गाणी होय! ऑफिसच्या डिस्कवर सिनेमाची गाणी! मी त्यातली एकही वाजवून बघितली नाही. पुसताना मला जरा समाधानच वाटलं, तेही लिहून ठेवतो.

सोमवारी सगळीकडून फोन आले, मंगळवारी कमी, आणि आठवड्याभरात लोकांना नवी अक्षरं सवयीची झाली. "टीत बघ", "जीत टाकलंय" अशी बोली सुरू झाली. मालकांनी चहा पाजला. मी आठ-दहा दिवस छाती काढून फिरत होतो.

तीन आठवड्यांनी ताई स्टॉकची फाइल घेऊन टेमघरला आल्या. काम झालं तरी जाईनात. माझ्या टेबलापाशी उभ्या. ताई म्हणजे काल्हेरच्याच, गावच्या आगरी घरातल्या. त्यांच्या भावांच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत, आणि त्याच रांगेतल्या दुसऱ्या कोणाच्या गोदामात त्या बावीस वर्षं ड्युटी करतात. ट्रकच्या ड्रायव्हरांना नावाने हाका मारणारी, चुकीच्या गाडीत माल भरला तर सगळं आवार दणाणून सोडणारी ही बाई. ती माझ्यापुढे उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सर, एक इचारू? पुसलेलं परत येतं काय?"

"का नाही येणार? बॅकअप असतो. काय गेलं?"

"आपलंच हाय. ऑफिसचं न्हाय. म्हनून इतकं दिवस इचारलं न्हाय." मग म्हणाल्या, "माजी आय धवलारीण."

आमच्या भागात धवलारीण कोण हे सांगावं लागत नाही. पण वाचणारा कुठलाही असू शकतो, म्हणून सांगतो. आगऱ्यांच्या लग्नात विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. ही बाई धवले गाते, त्यात देवांना बोलावणं असतं, हळदीचं, जात्याचं, मांडवाचं असतं, घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण असते. कुठे कागदावर नसतं. एकीकडून ऐकून दुसरीने घ्यायचं. ताईंच्या आईने गावातली दोन पिढ्यांची लग्नं लावली होती. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज नाही.

"मंग मी रोज संध्याकाळी तिला बसवायची नि मोबाइलवर घ्यायची," ताई सांगत होत्या. "ऑपरेशनच्या आदी जेवडं झालं तेवडं. मोबाइल भरला की ऑफिसच्या मेलवर मलाच पाठवायची आनि हिथं माज्या डीत ठेवायची. मोबाइलचा काय भरवसा? तो पोरींनी बदलला पन. मेल तर तुमचा निरोप आला, भरला हाय, रिकामा करा, म्हनून रिकामा केला. म्हटलं, डी हाय ना. ऑफिसचा कंप्युटर, तुमच्या हातात हाय, म्हंजे कुठं जात न्हाय."

मी म्हणालो, "भिंतीवरची नोटीस वाचली होती का?"

"वाचली ना. ती ऑफिसच्या डीची. हा माजा." मग आवाज एकदम खाली गेला. "त्या शुक्रवारी मी फाइली वर-खाली करत व्हते. पोरीचं लगीन ठरलं ना, म्हटलं नीट लावून ठेवू. तेवाच माज्या हातून कायतरी दाबलं गेलं. सोमवारी बगते तर डी रिकामा. तीन आठवडं मी रोज उगडून बगते, सर. आयला अजून सांगितलं न्हाय. आदी तिचा आवाज गेला, मंग मी घालवला."

मला त्याच क्षणी कळलं होतं. साठेक फाइली, नुसते आकडे, रविवारची सकाळ. समोर ती बाई स्वतःला दोष देत उभी होती आणि मी तोंड उघडून म्हणालो काय? "बघतो." फक्त एवढंच. ती हात जोडून गेली. मला अजून आठवलं की कसंतरी होतं.

मी चार दिवस बघितलं. बॅकअपमध्ये फाइली नव्हत्या, आणि तिथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. बॅकअपमधून आवाज आणि व्हिडिओ वगळायचे, हा नियम मीच लिहिला होता, जागा वाचावी म्हणून. पुसलेलं खणून काढण्याची हत्यारं असतात, तीही चालवली. पण पुसलेल्या जागेवर त्याच दिवशी मी खात्यांची फोल्डरं आणून बसवली होती. माझी फेरवाटणी इतकी व्यवस्थित झाली होती की खाली काही शिल्लक नव्हतं. मोबाइल पोरींनी बदललेला; राहिले मेल, डी आणि बॅकअप. तिन्ही दारं मीच बंद केली होती, आणि प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे.

कोणाला कळणार नव्हतं. हे मी मनात किती वेळा म्हटलं असेल. ताईंना वाटतंय त्यांनी पुसलं, जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. 'नाही आलं हो परत, फार प्रयत्न केला' असं सांगितलं असतं तर त्यांनी वर माझेच आभार मानले असते. मी भित्रा माणूस आहे. तीन दिवस माझा विचार जवळजवळ तसाच ठरला होता.

चौथ्या दिवशी 'अडगळ' उघडलं. काही आशा नव्हती, आपलं उघडलं. आत ताईंच्या 'इतर'मधली कागदपत्रं होती. आवाज तेवढे पुसले गेले होते, टाइप केलेलं सगळं मीच इकडे ढकललं होतं. वीस-बावीस फाइली. कानात इअरफोन घालून त्या जेवणाच्या सुट्टीत काय करत होत्या ते तेव्हा कळलं. त्या आईला ऐकून उतरवून घेत होत्या.

मी वाचायला लागलो. ताई बावीस वर्षं डिस्पॅचची नोंद करतात. तिथली शिस्त एकच. जे आलं ते लिहायचं, आपल्या मनाने गाळायचं नाही. गोणी फाटकी आली तर 'एक गोणी फाटकी' असं लिहायचं. तीच शिस्त त्यांनी इथेही लावली होती. धवल्याच्या दोन ओळी, मग नोंद: 'हितं आय खोकली.' पुढे एक ओळ: 'हितं कुकरची शिटी, आय थांबली.' एका जागी: 'हितं इसरली. पुन्हा पहिल्यापासून.' आणि ते पहिल्यापासूनचं सगळं पुन्हा टाइप केलेलं. 'हा शब्द लांब वडते.' 'हितं आवाज वर, मग एकदम खाली.' 'हितं आय रडली, मी मोबाइल बंद करत व्हते तर नको म्हनाली.' एका फाइलीच्या मध्येच: 'आय मला बोलली जेवलीस का.' एका शब्दाचीही काटछाट नाही.

मी सगळं छापून काढलं. प्रिंटरपाशी उभा राहून कागद जुळवताना माझे डोळे भरून आले, आणि मग मात्र ठरलं. हे कागद घेऊन जायचं आणि खोटं बोलायचं, हे माझ्याने होणारं नव्हतं.

रविवारी दुपारी मी काल्हेरला त्यांच्या घरी गेलो. मागे नव्या इमारती, पुढे गोदामाची पत्र्याची भिंत, आणि मध्ये त्यांचं जुनं घर, पुढे ओटा. ओट्यावर आई बसली होती, गुडघ्यापर्यंत आगरी पद्धतीने नेसलेलं लुगडं, गळ्याभोवती ऑपरेशनच्या जागेवर पांढरं फडकं. मी "मावशी, नमस्कार" म्हणालो. तिने हाताने बस म्हटलं. ताई आतून पाणी घेऊन आल्या. आईदेखत बोलावं की नको, असं मला वाटलं, पण थांबलो असतो तर पुन्हा भ्यायलो असतो.

"ताई," मी म्हणालो, "ते तुम्ही पुसलं नाही. मी पुसलं."



मी सगळं सांगितलं. त्यांचा डी त्यांचा नव्हता, सर्व्हरचा होता. त्या दिवशी मीच तो साफ केला. बॅकअपमध्ये आवाज न ठेवण्याचा नियमही माझाच. परत येणार नाही, सगळे उपाय करून झाले. कुठेही 'सिस्टीम' म्हणालो नाही, प्रत्येक ठिकाणी 'मी' म्हणालो. तांब्या हातात तसाच धरून ताई ओट्यावर खाली बसल्या.

"म्हंजे मीन न्हाय पुसलं?"

"नाही."

"खरं सांगता ना? मना बरं वाटावं म्हनून न्हाय ना सांगत?"

"देवाशपथ. मी."

आणि ती बाई रडायला लागली. मी शिव्यांच्या तयारीने आलो होतो. ती रडत रडत आईला सांगत होती, "आये, मीन न्हाय गं घालवलं, मीन न्हाय!" महिनाभर ती हे एकटीने उरावर घेऊन गोदामात जात होती, गाड्या मोजत होती. माझ्या चार शब्दांनी ते उतरलं, आणि ते चार शब्द मी चार दिवस दाबून ठेवले होते. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

रडणं ओसरल्यावर तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी ऐकलं पन न्हाय? एक पन?"

"नाही."

"साठ व्हत्या. एक तरी लावून बगायची ना, सर." आता ती खरोखर चिडली होती, डिस्पॅचचा आवाज परत आला होता. "गोनी फेकायच्या आदी बी आमी आत काय हाय ते बगतो."

मी मान खाली घातली.

मग मी कागद पुढे केले. आईने ते घेतले. तिला वाचता येत नव्हतं. तिने एकेक कागद उलटून पाहिला, मग ताईंच्या हातात दिला आणि बोटं हलवली. वाच.

ताईंनी वाचायला सुरुवात केली, अगदी मालाची यादी वाचावी तशी, सपाट. दोन ओळी झाल्या आणि "हितं आय खोकली" हेही त्याच सुरात वाचलं गेलं. म्हातारी हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी. "हितं कुकरची शिटी" आलं तेव्हा ताईही हसल्या. हसू की नको ते मला कळेना, पण शेवटी मलाही आवरेना.

पुढे एका ओळीवर आईने हात वर केला. चूक. तिने ओठांनी शब्द करून दाखवला. ताई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या, दोनदा चुकीचं बोलल्या, तिसऱ्यांदा आईने मान डोलावली. ताईंनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि कागदावर दुरुस्त केलं. अशी दुपारभर चार कागदांची दुरुस्ती झाली. पण शब्द जमले तरी चाल? ताई म्हणाल्या, "मना गायाला न्हाय येत. मी हाका मारनारी बाय." आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, मग तेच हात लेकीच्या गालांवर ठेवले. लग्नाला दीड महिना होता. लग्न तिच्या नातीचं होतं, गावात दुसरी धवलारीण नव्हती, आणि ज्या बाईने सगळ्या गावाची लग्नं लावली तिच्या नातीला धवल्यांवाचून सासरी जावं लागणार, असंच तोवर चित्र होतं.

मी निघताना ताई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दादा, राग हाय मना अजून." ऑफिसात मी सर होतो, इथे पहिल्यांदा दादा झालो. मी म्हणालो, "असू दे." खरंच असू दे असं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बॅकअपचा नियम बदलला. लाल अक्षरातली ओळही काढली आणि प्रत्येकाला सर्व्हरवर त्याचं स्वतःचं एक अक्षर दिलं, पी, म्हणजे 'प्रायव्हेट', खासगी. तिथे काय ठेवायचं ते त्याने ठरवावं, सांभाळायचं मी. मालकांनी विचारलं, जागा पुरेल का. मी म्हणालो, पुरवतो. या सगळ्याने काही भरून येत नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं. पण हाताला दुसरं येतं काय?

दीड महिना ताईंनी मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा कामासाठी काल्हेरला गेलो होतो, जेवणाच्या सुट्टीत त्या गोदामाच्या मागच्या दाराशी, गोण्यांकडे तोंड करून उभ्या होत्या. मी पुढच्या दारानेच परत फिरलो.

लग्नाची पत्रिका आली. हळदीच्या दिवशी सकाळीच या, असं ताईंनी फोनवर बजावलं. गेलो. गल्लीभर मांडव, एका बाजूला डीजेचे काळे डबे रचलेले, त्यांना सकाळपुरतं गप्प राहायची ताकीद मिळालेली. मध्ये पाटावर नवरी. समोर ताई, नव्या लुगड्यात, हातात कागद नाही. त्यांच्या मागे गावातल्या चार-पाच बायका साथीला. आई कडेला खुर्चीत होती. तिने मला हाताने बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मी तयारीने गेलो होतो. मोबाइल पूर्ण चार्ज, जागा मोकळी केलेली. मनात पक्कं होतं, या वेळी एक अक्षरही सोडायचं नाही, दोन ठिकाणी ठेवायचं, तीन ठिकाणी ठेवायचं. ताईंनी डोळे मिटले आणि मी मोबाइल वर धरला.

म्हातारीने माझा हात धरला आणि खाली केला. राग नव्हता त्यात. मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला गेला, पण तिने मनगट सोडलं नाही.

ताई गायला लागल्या. आवाज जाडाभरडा, आवारात गाडीला हाक मारावी तसाच. खरं सांगायचं तर गोड नव्हता. पण चाल होती. शब्द लांब ओढायचा तिथे ओढला गेला, वर जायचं तिथे वर गेला आणि एकदम खाली आला. मी साठ फाइली न ऐकता पुसल्या होत्या, आणि पहिला धवला असा ऐकत होतो, मनगटावर म्हातारीची बोटं. ती बोटं ठेका धरत होती. ओळीमागून ओळ, बारीक, बरोबर.

तिसऱ्या धवल्यात ताई अडकल्या. शब्द आठवेना. मागच्या बायका गप्प झाल्या, नवरीने मान वर केली. माझ्या मनगटावरची बोटं थांबली. म्हातारी लेकीकडे बघत नव्हती, खाली बघत होती. तिने ओठ हलवून शब्द दाखवला नाही. बोटं उचललीही नाहीत, नुसती टेकून थांबली होती.

मग ताईंना शब्द सापडला, आणि माझ्या मनगटावर ठेका पुन्हा सुरू झाला.